पोटाशी बांधलेलं

मोटारसायकल निघून गेली, माक फूटपाथवर खाली बसल्या, आणि यातीचा हात आधी स्वतःच्या पोटाकडे गेला. झग्याच्या आत, कातडीला चिकटलेली कापडी पिशवी जागेवर होती. तिघींचे पासपोर्ट, नणंदेचे कापडाचे पैसे, माकच्या सोन्याच्या बांगड्या. बोटांनी कापडावरूनच बांगड्यांची गोल कड चाचपली, आणि मग ती वाकली. मध्ये कितीसा वेळ गेला असेल? एक श्वास. फार तर दीड. पण माक खालून वर बघत होत्या. ऐंशीला टेकलेल्या तिच्या सासूबाई, कोपर खरचटून रक्ताळलेलं, डोक्यावरचा पांढरा रुमाल एका कानावर ओढला गेलेला, आणि नजर यातीच्या पोटावरच्या हातावर. "आहे ना?" त्यांनी विचारलं. "आहे, माक," याती म्हणाली. यातीनं त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं. म्हातारीचं वजन असं काही राहिलंच नव्हतं, आणि तेही त्या क्षणी तिला नीट जाणवलं नाही, कारण पिशवीची नाडी वाकताना सैल झाली का, याकडे तिचं अर्धं लक्ष होतं.

आंगाह चार पावलं पुढे होती. आंगाह म्हणजे मोठी नणंद. खरं नाव वेगळं होतं, पण घरातल्या दुसऱ्या लेकराला मलेशियात, त्यांच्या कोता भारूत, सगळे आंगाहच म्हणतात, आणि साठी आली तरी ते सुटत नाही. ती धावत आली, रस्त्याकडे तोंड करून तिनं दोन-तीन अस्सल शिव्या हासडल्या, ज्या सायगॉनच्या त्या रस्त्यावर कुणालाही कळल्या नाहीत. मोटारसायकलींचा लोंढा वाहतच होता. त्यातली ती कुठली, काळी की निळी, मागे बसलेल्याची बाही लांब होती की आखूड, काही सांगता आलं नसतं. "काय नेलं?" आंगाहनं विचारलं, आणि माकच्या खांद्यावरून लोंबणारा तुटका पट्टा हातात धरून ती एकदम हसली. "पाकीट नेलं. अगं, खोटं पाकीट नेलं त्यानं." तिनं यातीच्या दंडावर चापट मारली. "बघ, सांगत नव्हते मी? मेला घरी जाऊन उघडेल तेव्हा रडेल." याती हसली. हसायला हवं होतं म्हणून हसली. माक मात्र रस्त्याच्या त्या टोकाकडे बघत होत्या, जिथे लोंढा वळून दिसेनासा होत होता, आणि त्यांचे ओठ थोडेसे हलत होते.

खोट्या पाकिटाची युक्ती आंगाहचीच. ती लेस आणि सुती कापड विकते, वर्षातून दोनदा सायगॉनला येते, आणि या शहरातल्या चोरांबद्दल तिला दोनदा हज करून आलेल्या माणसासारखा अधिकार वाटतो. रस्त्याच्या बाजूच्या खांद्याला काही लावायचं नाही. फोन हातात धरून चालायचं नाही. पैसे तीन ठिकाणी ठेवायचे. हॉटेलातल्या तिजोरीवर भरवसा ठेवायचा नाही, कारण जो कुलूप बनवतो तोच किल्लीही बनवतो. आणि म्हातारीच्या हातात काहीतरी असू द्यायचं, नाहीतर ती दिवसभर विचारत राहील, माझं काय, माझं कुठंय. म्हणून माकना एक गुलाबी, मण्यांचं, लांब पट्ट्याचं पाकीट मिळालं होतं, त्यात इथल्या थोड्याशा नोटा, कागदी रुमाल आणि खडीसाखर. चोरानं नेलंच तर हेच न्यावं. खरं सगळं यातीकडे. "यातीकडे दे" हे वाक्य त्या घरात इतक्यांदा बोललं गेलं होतं की आता ते वाक्य राहिलं नव्हतं, दार लावल्याचा आवाज व्हावा तसं झालं होतं. विमानतळावर तपासणाऱ्या बाईनं तिच्या पोटावरून हात फिरवला, थबकली, आणि काहीतरी विचारलं. आंगाह मागून खुशाल म्हणाली, "सांग तिला, आठवा लागलाय." चोपन्न वर्षांची, मूलबाळ न झालेली याती तेव्हाही हसली होती. पिशवी दाखवली. बाईनं मान हलवली. पुढे गेल्यावर माक हळूच म्हणाल्या होत्या, "आंगाहच्या तोंडाला कुलूप नाही. मनावर घेऊ नकोस." पण मनावर घ्यायलाही थोडी ताकद लागते. आदल्या रात्री पहाटेपर्यंत सगळ्यांच्या बॅगा तिनंच भरल्या होत्या.

कोपऱ्यावर हास्नाची खानावळ होती. हास्ना चाम जमातीची बाई, मेकाँगच्या वरच्या अंगाच्या गावातली, आपल्यासारखीच मुसलमान, आणि मलेशियाहून कापड घ्यायला येणाऱ्या बायकांना वर्षानुवर्षं जेवू घालून तिची मलय भाषा आता आंगाहपेक्षा शुद्ध झाली होती. तिनं माकना पंख्याखाली बसवलं, कोपर धुतलं, बर्फ लावला, आणि काम करता करता माकना माकचिक, म्हणजे मावशी, म्हणत बोलत राहिली. "माकचिक, हात भिंतीच्या बाजूला ठेवायचा. किती वेळा सांगते मी तुमच्या लोकांना. गेल्या आठवड्यात एक बाई आली होती, तिनं साखळी तोंडात धरली, गिळता गिळता राहिली." आंगाह खदखदून हसली. भात आला, कोंबडीचा रस्सा आला, आणि आंगाहनं पिशवीतून घरून आणलेला मसाल्याचा मांसाचा चुरा काढून सगळ्यांच्या भातावर पेरला, कारण परदेशात आपल्या हातचं काहीतरी असावं. माकनी चमचा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "चौकीवर जाऊ या," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"पोलिसांकडे. लिहून देऊ."

"आई, त्यात होतं काय? खडीसाखर?" आंगाह म्हणाली. "पोलिस काय म्हणतील, म्हातारीची खडीसाखर शोधा?"

"पाकीट चांगलं होतं."

"तसली शंभर मिळतात बाजारात. आत्ता आणून देते, आणि त्याच रंगाचं."

माकनी चमचा खाली ठेवला. यातीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर बारीक घाम होता, आणि ज्या हाताला बर्फ लावला होता तो हात त्यांनी मांडीवर उताणा टाकला होता, मनगट उघडं, बांगड्यांच्या जागी फिकट, नरम कातड्याचा पट्टा. एवढ्या वर्षांत ते मनगट तिनं उघडं कधी पाहिलं नव्हतं. बांगड्या उतरवायला माक तयारच नव्हत्या. आमच्याकडे सोनं हीच बँक आणि तीच अब्रू. मक्केला लाखो माणसांत गेले तेव्हाही घातल्या होत्या, अल्लाच्या घरी राहिल्या आणि सायगॉनात जातील काय, असा त्यांचा सवाल होता. शेवटी त्यांनी साबण लावून एकेक उतरवली आणि यातीच्या ओंजळीत ठेवली. ठेवताना मोजल्या नाहीत. न मोजता दिल्या याचं यातीला बरं वाटलं होतं, आणि आपल्याला बरं वाटलं याचा लगेच कंटाळाही आला होता. इतकी वर्षं झाली, तरी अजून ती हेच बघत होती.

कारण लग्न होऊन आली त्या वर्षी माकच्या तीन ब्रोचांच्या संचातला एक हरवला होता. कुणी काही म्हणालं नाही. माकनी फक्त सांगितलं, याती, जरा तुझ्याही खोलीत बघ, चुकून कपड्यांबरोबर आला असेल. तिनं बघितलं. पेटी रिकामी केली, उशीचा अभ्रा उलटा केला, आणि शोधता शोधता तिला असं वाटायला लागलं की तो सापडेल, आपल्याच सामानात सापडेल, आणि तो तिथे कसा आला हे आपल्याला कधीच सांगता येणार नाही. तो सापडला नाही. पुढल्या ईदला माकनी कपाटाची किल्ली तिच्या हातात दिली, सगळ्यांसमोर. "आजपासून हिच्याकडे." तिचा नवरा मुख्तार रात्री म्हणाला, बघ, आईचा किती विश्वास आहे. तिलाही तेव्हा तसंच वाटलं. विश्वासाचं दुसरं नाव पहारा असं म्हणावं इतकी काही ती हुशार नव्हती. फक्त पुढे कधीतरी भांडी घासताना तिच्या लक्षात आलं, की किल्ली ज्याच्याकडे असते त्याला चोरी करायची सोय राहत नाही. एखादी वस्तू जागेवर नसली की आता कुणाला विचारायचं हा प्रश्नच उरत नव्हता. तेव्हापासून ती डोळ्यात तेल घालून सगळ्यांचं सांभाळत आली. आंगाहच्या मुलींचे दागिने, दिराच्या जमिनीचे कागद, शेजारणीची भिशीची रक्कम. मुख्तार गेल्यावरही किल्ली तिच्याकडेच राहिली. घर माकचं, मूल नाही, नवरा नाही, तरी ती त्या घरात आहे ती कशामुळे, असं कुणी विचारलं असतं तर तिनं ती किल्लीच दाखवली असती.

हॉटेलात आल्यावर आंगाहनं पैसे मागितले. कापडवाल्याकडे गठ्ठा बांधून तयार होता. यातीनं न्हाणीघरात जाऊन झगा वर केला, पिशवी सोडली. नाडीखाली कातडीवर लाल पट्टा उठला होता, आणि जिथे बांगड्या टेकत होत्या तिथे एकात एक गुंतलेली वर्तुळं. तिनं त्यांवरून ओला हात फिरवला. पैसे काढून पिशवी परत बांधली. आंगाहनं नोटा बघून घेतल्या, दोन भाग करून एक अंतर्वस्त्रात आणि एक मोज्यात ठेवला, आणि दारातून म्हणाली, "आईला झोपव जरा. आणि खिडकीची कडी लाव, चौथा मजला असला म्हणून काय झालं. माकडासारखे चढतात." मग तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. खोलीत यंत्राची थंड हवा होती, तिला ओल्या गालिच्याचा वास. खालून रस्त्याचा आवाज येत होता, एकसारखा, न थांबणारा, समुद्र कुणी डब्यात भरून ठेवावा तसा.

माक पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. आडव्या होईनात. "तू झोप," त्या म्हणाल्या. "मी बसते."

"कोपर दुखतंय?"

"नाही."

"मग?"

"चौकीवर जाऊ या, याती. त्या हास्नाला घेऊ. ती बोलेल."

"माक, काय सांगायचं त्यांना? काही गेलंच नाही. सगळं माझ्याकडे आहे." तिनं पोटावर हात ठेवून दाखवलं, आणि ठेवताक्षणी सकाळचा तो हात आठवला. तिनं हात काढला. "मघाशी मी," ती म्हणाली. "तुम्ही पडलात तेव्हा मी आधी..."

"बघितलं मी."

"सवयीनं गेला हात."

"जायलाच हवा. एवढं सगळं आहे त्यात." माकनी चादरीची सुरकुती हातानं सपाट केली. "मला बरंच वाटलं. म्हटलं, हिचं लक्ष पिशवीवर आहे तोवर ठीक." हे त्या कशाबद्दल बोलत होत्या ते यातीला कळलं नाही. म्हातारपणी माणसं एका वाक्यात दोन वाक्यं बोलतात. ती खिडकीची कडी लावायला उठली, आणि पाठ वळली तेव्हाच, जणू पाठीलाच सांगायचं होतं, तसं माक म्हणाल्या, "त्यात अंगठी होती. मुख्तारची."

यातीनं कडी लावली. ती जरा घट्ट होती, दोन्ही हातांनी दाबावी लागली. मग ती वळून दुसऱ्या पलंगावर बसली. मुख्तारची अंगठी चांदीची होती, तपकिरी दगडाची, दगडाला एका कडेला टवका उडालेला. बाजारात साठ-सत्तर रिंगिटही आले नसते. घरी आला की तो दारावर हातानं कधी वाजवायचा नाही. मूठ वळवून अंगठीनं काचेवर टकटक करायचा, दोनदा, मग थांबून एकदा. तो गेल्यावर किती तरी दिवस तिला ती टकटक ऐकू यायची, आणि ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर यायची. दारात कुणी नसायचं, आणि मग तिला आठवायचं की अंगठीसुद्धा नाही. तो गेला त्या दुपारी ती इस्पितळात नव्हती. धुतलेली लुंगी आणायला घरी गेली होती. परत आली तोवर त्याच्या तोंडावरून चादर ओढली होती, आणि हात बाहेर राहिला होता तो उजवा, सुजलेला, अंगठीच्या जागी खोल खाच असलेला. सगळ्या धावपळीत तिनं काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं. कुणाला माहीत नव्हतं. माक भिंतीला टेकून जपमाळ ओढत होत्या, त्यांनी डोळे उघडले नाहीत. आंगाह म्हणाली, इस्पितळात काय, जिवंत माणसाची किडनी काढतात, मेलेल्याची अंगठी काय घेऊन बसलीस. पण इस्पितळावर यातीचा संशय बसला नाही. कसा कोण जाणे तो पाक देरामनवर बसला, मशिदीत मय्यतीला आंघोळ घालणाऱ्या म्हाताऱ्यावर. हात त्यानं धुतले होते, बोटं त्यानं धुतली होती. त्याची बायको कोपऱ्यावर अंड्याचे गोड केक करून विकायची, मुख्तारला ते फार आवडायचे. यातीनं ते घेणं बंद केलं. रस्त्यात म्हातारा दिसला, सलाम केला, की ती पिशवीत काहीतरी शोधायला लागायची. एकदा तो मुद्दाम थांबून म्हणाला होता, "पोरी, आमचं काही चुकलं का?" आणि ती म्हणाली होती, "नाही, पाक, घाईत आहे."

"नर्स म्हणाली, सूज वाढतेय, काढा, नाहीतर कापावी लागेल," माक सांगत होत्या. "तू लुंगी आणायला गेली होतीस. मी साबण लावला. तो जागा होता. म्हणाला, आई, दुखतंय. मी म्हटलं, झालंच. ती निघाली, आणि तो झोपला, आणि मग उठलाच नाही. माझ्या मुठीत राहिली ती."

"मला का नाही दिलीत?"

माकनी हात चोळले. "बांगड्या माझ्या आहेत. तुझ्याकडे दिल्या तरी माझ्याच. केव्हाही म्हणेन, आण गं. अंगठी तुझी होती. एकदा तुझ्या हातात गेली असती, तर मी कुठल्या तोंडानं परत मागितली असती?"

यंत्र घरघरलं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. याती वाट बघत बसली. राग येईल असं तिला वाटत होतं, यायलाच हवा होता. पण तो आला तो इतका दमून आला की आल्यावर तोही तिच्याशेजारी पलंगावर बसून राहिला. तिनं म्हाताऱ्या देरामनचा चेहरा आठवून पाहिला. संशय घेणं किती सोपं होतं. काही करावं लागलं नाही, फक्त नजर बाजूला करावी लागली. माकनाही तिच्या बाबतीत कधी एवढंच करावं लागलं असेल.

"आणि त्या पाकिटात कशाला ठेवलीत?" तिनं विचारलं. "मण्यांच्या पाकिटात, रस्त्यावर? आंगाह चोवीस तास सांगत होती, ते चोरासाठी आहे म्हणून."

"घरी ठेवता येईना. कपाट तुझ्याकडे. अंगावर ठेवली होती रुमालाच्या गाठीत, तर विमानतळावर त्यांनी सगळं काढायला लावलं. तू शेजारीच उभी होतीस. कशीबशी मुठीत धरली." माकचा आवाज खाली गेला. "म्हटलं, त्या पाकिटात तू कधी बघणार नाहीस. त्यात काही नाही हे तुला माहीत आहे."

म्हणजे चोरापासून नव्हे. यातीला ते शब्द हळूहळू कळले, गरम चहा घशाखाली उतरत जाताना कुठवर गेला ते कळतं तसे. अख्ख्या सायगॉनात अंगठीला भीती होती ती एकाच माणसाची, आणि ते माणूस माकचा हात धरून रस्ता ओलांडून देत होतं. तिनं पाय वर घेतले, भिंतीला टेकली. झोपावं, असं तिला फार वाटलं. वर्षाच्या वर्षं झोपावं. उठल्यावर कुणी म्हणू नये की याती, हे धर. समोर बसलेल्या बाईला ती एकोणतीस वर्षं ओळखत होती. तिच्या औषधांच्या वेळा, दातांचा डबा, नमाजाला उठताना गुडघ्यातून येणारा आवाज, सगळं यातीच्या अंगवळणी पडलेलं. आणि ती बाई इतके महिने रात्री, भिंतीपलीकडे, दिवा मालवल्यावर, रुमालाची गाठ सोडून एक टवका उडालेला दगड बोटांनी चाचपत होती. यातीला भिंतीअलीकडे टकटक ऐकू यायची तेव्हा.

"बोटात घालून बघत होतात का?" तिनं विचारलं. हे आपण का विचारलं ते तिलाही कळलं नाही.

"अंगठ्यात यायची. सैलच." माकनी अंगठा वर करून दाखवला. "तू शिव्या दे ना मला. काहीतरी बोल."

"दमलेय मी, माक."

"मीही," माक म्हणाल्या.

मग याती उठली, तिनं माकचा रुमाल नीट केला, टाचणी लावली, चपला त्यांच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या. अंगठी मिळणार नव्हती. ती गटारात गेली असेल, नाहीतर कुणाच्या तरी पोराच्या बोटात. हे दोघींनाही माहीत होतं. पण म्हातारी सकाळपासून एकच गोष्ट मागत होती, आणि तिनं न विचारता काढून घ्यावं असं यातीजवळही आता काही उरलं नव्हतं. "चला," ती म्हणाली.

हास्ना कुरकुरत आली. दुपारची भांडी पडली होती तिची. चौकी जवळच होती, एका जुन्या दुकानाएवढी, भिंतीला हिरवा रंग, टेबलामागे चाळिशी लावलेले एक जाडसे साहेब, समोर बर्फाच्या कॉफीचा पेला घामेजलेला. त्यांनी तिघींकडे पाहिलं आणि खुर्च्या दाखवल्या. अशा बायका त्यांच्याकडे रोज येत असणार. हास्नानं सकाळचा प्रकार सांगितला, हातवारे करून, स्वतः तिथे असल्यासारखा. साहेब लिहीत गेले. मग त्यांनी काहीतरी विचारलं.

"पाकिटात काय होतं विचारतायत," हास्ना म्हणाली.

"पैसे थोडेसे," याती म्हणाली. "कागदी रुमाल."

"आणि अंगठी," माक म्हणाल्या. "चांदीची. पुरुषाची."

हास्नाच्या भुवया वर गेल्या. तिनं ते सांगितलं. साहेबांचं पेन थांबलं.

"अंगठी तुमची का, माकचिक?"

याती समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. माक हो म्हणतील, असं तिनं धरूनच ठेवलं होतं, आणि म्हणू देत असंही ठरवलं होतं. मुलाची अंगठी आईची, यात खोटं काय.

"नाही," माक म्हणाल्या. त्यांनी खरचटलेला हात उचलून यातीकडे केला. "हिची."

हास्नानं सांगितलं. साहेबांनी चाळिशीवरून एकदा माककडे, एकदा यातीकडे पाहिलं, आणि लांबलचक काहीतरी विचारलं. हास्ना ओठ चावत ऐकत होती. "म्हणतायत, पाकीट तुमचं, अंगठी हिची. मग तुमच्या पाकिटात कशी?"

"मी घेतली होती," माक म्हणाल्या.

"घेतली म्हणजे?" हास्नानं आवाज खाली आणला, जणू साहेबांना मलय कळणार होती. "म्हणजे कशी घेतली, माकचिक? विचारून, की...? मला त्यांना काहीतरी एक सांगावं लागेल. ते लिहितात सगळं."

माकनी तोंड उघडलं. त्यांचा खालचा ओठ ओला होता, आणि मान ताठ, इतकी ताठ की रुमालाच्या टाचणीखाली गळ्याची शीर उडताना दिसत होती. त्या सांगणार होत्या. परक्या देशात, परक्या माणसासमोर, हास्नाच्या तोंडून परक्या भाषेत, टेबलावरच्या कागदावर ते लिहिलं जाणार होतं.

"मीच दिली होती," याती म्हणाली.

हास्ना तिच्याकडे वळली.

"माझी आहे. मीच यांना दिली होती," यातीनं पुन्हा सांगितलं, आणि बोलताना तिच्या लक्षात आलं की हे वाक्य आपण आयुष्यात कधी उच्चारलंच नव्हतं, कशाहीबद्दल. "सांभाळायला."

हास्नानं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. दोन-तीन शब्दांतच झालं. साहेबांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.